मॉडेल एक सांगतं, टेप दुसरं : बांधकाम कंपन्यांच्या संचालकांना खुलं पत्र

प्रति,
बांधकाम कंपन्यांचे संचालक, प्रकल्पप्रमुख आणि त्यांना नवं तंत्रज्ञान विकणारी मंडळी यांस,

स.न.वि.वि.

गेल्या काही वर्षांत तुम्ही साइटवर बरंच काही पाठवलंत. ड्रोन आले, लेझर स्कॅनर आले, काँक्रीटमध्ये पुरायचे सेन्सर आले, हेल्मेट मोजणारे कॅमेरे आले, टॅबवर उघडणारं इमारतीचं त्रिमितीय मॉडेल आलं. यातलं बरंचसं उपयोगाचं आहे. ज्याने ओळंबा आणि पाण्याची नळी घेऊन लेव्हल काढली आहे, त्याला लेझर लेव्हलचं मोल कुणी समजावून सांगायला नको. माझी तक्रार यंत्रांबद्दल नाहीच. साइटवरची माहिती ही यंत्रं झपाट्याने वर पोचवतात, पण वरून खाली येतो तो नुसता निकाल. आणि मॉडेल एक आकडा दाखवतंय, मोजायची टेप दुसराच, अशी वेळ आली की टेप धरणाऱ्याचंच काहीतरी चुकलं असणार, असं सगळे धरून चालतात.

हे आजचं नाही. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या क्रीडागृहाच्या छताची गोष्ट तुमच्यापैकी जे इंजिनिअर आहेत त्यांनी कधीतरी वाचली असेल. साधारण 91 मीटर बाय 110 मीटरचं, पोलादी अँगलांच्या जाळीचं ते छत. त्या काळी नव्या असलेल्या संगणकी विश्लेषणावर त्याचं डिझाइन केलं आणि त्यात पोलादाची मोठी बचत झाली म्हणून त्याचं कौतुकही झालं. 1973 मध्ये जमिनीवर जोडलेलं छत जॅक लावून वर चढवलं. जागेवर बसल्यावर त्याचा झोल मोजला, तर तो संगणकाने सांगितल्याच्या दुप्पट भरला. हे डिझाइनरांच्या कानावर घातलं गेलं. सिद्धान्त आणि प्रत्यक्ष यांत एवढा फरक पडायचाच, असं उत्तर आलं. पुढे कडेचे पॅनल बसवणाऱ्या उपठेकेदाराची भोकं जुळेनात, कारण छत वाकलेलं होतं. त्यालाही सांगण्यात आलं की तुझं तू निस्तर, नाहीतर उशिराची जबाबदारी तुझ्यावर. त्याने आधार कापले, नवे करून बसवले आणि काम पुढे रेटलं.

18 जानेवारी 1978 च्या पहाटे बर्फाच्या भाराने ते छत खाली आलं. आदल्या रात्री तिथे बास्केटबॉलचा सामना झाला होता आणि सुमारे पाच हजार माणसं आत होती. ती घरी जाऊन काही तास झाले होते, एवढंच काय ते नशीब. चौकशीत निघालं ते असं : वरच्या दांड्यांना सगळ्या बाजूंनी आधार आहे असं संगणकाला सांगितलं होतं, प्रत्यक्षात तो तसा नव्हता, आणि छताचं स्वतःचं वजनही कमी धरलं होतं. संगणकाचं गणित बिनचूक होतं. त्याला दिलेलं चित्र चुकीचं होतं. ते चूक आहे हे पाच वर्षं आधी एका मोजमापाने आणि एका भोक न जुळणाऱ्या पॅनलवाल्याने सांगितलं होतं.

आता त्याच वर्षातली दुसरी गोष्ट. म्हणजे मी नुसतं यंत्रांविरुद्ध बोलतोय असं वाटणार नाही. 27 एप्रिल 1978 रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथे वीजकेंद्राचा कूलिंग टॉवर बांधला जात होता. माणसं ज्या मचाणावर उभी होती ते मचाण आदल्या दिवशी भरलेल्या काँक्रीटलाच अडकवलेलं होतं. हवा थंड, त्यामुळे ते काँक्रीट पुरेसं पिकलेलंच नव्हतं. नव्या थराचा माल वर ओढायला सुरुवात झाली आणि वरचा थर मचाणासकट सुटून खाली आला. 51 कामगार गेले. काँक्रीटच्या आतल्या तापमानाच्या नोंदीवरून त्याची ताकद काढण्याची पद्धत अभ्यासकांना तेव्हाही ठाऊक होती, पण साइटवर ती कुणी वापरत नव्हतं. अशा अपघातांच्या चौकशांनंतर ती पद्धत गांभीर्याने घेतली गेली आणि 1987 मध्ये तिचं अमेरिकी मानकही झालं. आज तुम्ही स्लॅबमध्ये जे छोटे वायरलेस सेन्सर पुरायला देता, ते त्याच पद्धतीचं सुटसुटीत रूप. फोनवर आकडा दिसतो, सेंट्रिंग खोलायचं की नाही हे कळतं. ही चीज सोन्याची आहे. चाचणीसाठी भरलेला काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे क्यूब, साइटच्या टाकीत ऊबेत पाणी पीत पडलेला असतो आणि स्लॅब वाऱ्यात उघडा असतो. दोघांची ताकद एकच धरणं हा आमच्या धंद्यातला जुना भाबडेपणा आहे. तो या सेन्सरने मोडला.

पण हाच सेन्सर हातात देताना तुम्ही काय सांगता आणि काय सांगत नाही, ते बघा. सेन्सर ताकद मोजत नाही, तापमान मोजतो. तापमानावरून ताकद काढायची तर त्या विशिष्ट मालाचा वक्र, म्हणजे तापमान आणि ताकद यांची सांगड घालणारा आलेख, प्रयोगशाळेत आधी बसवावा लागतो. काँक्रीट पुरवणाऱ्या प्लांटने मध्येच सिमेंटचा ब्रँड बदलला, फ्लाय ॲश (वीजकेंद्रातली कोळशाची राख) वाढवली, ॲडमिक्श्चर (मिश्रणात घालायचं रसायन) बदललं, की तो वक्र रद्द समजायचा. ॲपला यातलं काही ठाऊक नसतं. ते जुन्याच वक्रावर छान हिरवा आकडा दाखवत राहतं. प्लांटवरून आलेल्या चलनावरचा बदल ज्याच्या नजरेला पडतो तो असतो माल उतरवून घेणारा साइटवरचा मुलगा. त्याला ॲपचा लॉगिन दिलाय का? बहुतेक ठिकाणी नाही. लॉगिन आहेत हेड ऑफिसला, क्लायंटला आणि सल्लागाराला.

यात आता आणखी एक गुंता येऊ घातला आहे. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून क्लिंकर (भट्टीत भाजून केलेला सिमेंटचा मूळ घटक) कमी असलेली सिमेंटं येताहेत. फ्लाय ॲश आणि स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) तर जुनेच, आता भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी वापरणारं एलसी3 आहे. ही सिमेंटं यायलाच हवीत. मात्र फ्लाय ॲश किंवा स्लॅग भरपूर घातलेलं मिश्रण सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. दुसरीकडे तुमचं नियोजनाचं सॉफ्टवेअर ॲल्युमिनियमची मायवान सेंट्रिंग गृहीत धरून मजल्याचं चक्र, म्हणजे एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचे दिवस, दर आवृत्तीला एकेक दिवसाने आवळतं. एक खातं पर्यावरणाचा पुरस्कार घेतं, दुसरं वेगाचा, आणि या दोन्हींची गाठ पडते ती प्रॉपखाली, म्हणजे ताज्या स्लॅबला दिलेल्या टेकूंखाली, उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर.

मॉडेलकडे येतो. बीआयएम, म्हणजे इमारतीची सगळी माहिती एकाच त्रिमितीय मॉडेलमध्ये ठेवण्याची पद्धत, ही मी पाहिलेली सगळ्यात मोठी सुधारणा आहे, हे आधीच सांगून टाकतो. ब्रिटनने एप्रिल 2016 पासून केंद्र सरकारच्या कामांना ते सक्तीचं केलं आणि 2018 मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. बीममधून ड्रेनेजची पाइप जाते, डक्ट फॉल्स सीलिंगच्या खाली लोंबतो, जिन्यात डोकं आपटतं, असले घोळ पूर्वी ब्रेकर लावून निस्तरावे लागत. आता ते पडद्यावरच सापडतात.

सापडत नाही ते सळयांचं. म्हणजे सापडू शकतं, पण बहुतेक मॉडेलांत सळया काढलेल्याच नसतात, आणि काढल्या तर गुळगुळीत रेघेसारख्या. साइटवरच्या 25 मिमीच्या सळईला धारा असतात, त्या धरून ती 28 च्या आसपास भरते. वाकवली की वळणाला जागा लागते. आता चार बाजूंनी बीम येऊन मिळतात असा एक कॉलम डोळ्यांसमोर आणा. दोन दिशांच्या वरच्या सळया एकाच पातळीत बसूच शकत नाहीत, एका दिशेच्या खाली जाणार. त्यांच्या मधून कॉलमच्या उभ्या सळया वर येणार. त्यात कुणी लॅप, म्हणजे दोन सळयांची टोकं एकमेकांवर घेऊन केलेला जोड, तिथेच दिला असेल तर सळया दुप्पट. आणि या गर्दीत, जॉइंटच्या आत, कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना वेढणारी आडवी कडी, हव्यातच. भूकंपात इमारत उभी ठेवणाऱ्या त्याच रिंगा.

अशाच एका जॉइंटपाशी टॅब घेऊन आलेला तरुण इंजिनिअर आम्हाला दाखवत होता, ‘क्लॅश शून्य’, म्हणजे मॉडेलमध्ये काहीच एकमेकांना अडत नाही. सळया बांधणाऱ्या फिटरने टॅबकडे पाहिलंही नाही. त्याने बोटं एकत्र करून हात सळयांमध्ये घालायचा प्रयत्न केला. हात मनगटापर्यंतही गेला नाही. “साहेब, इथे हात जात नाही, तर सुई कशी जाणार?” काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची 40 मिमीची सुई. ती गेली नाही की 20 मिमीची खडी वरच अडकते, खाली नुसतं पाणी पाझरतं आणि सेंट्रिंग खोलल्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा कॉलम दिसतो. मग वर सिमेंटचा हात फिरवून ते झाकलं जातं. कुणी झाकलं हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच माहीत नसतं.

त्या दिवशी तसं होऊ दिलं नाही. फिटरचं म्हणणं साधं होतं : लॅप इथून उचला आणि कॉलमच्या मध्यावर न्या, जिथे ते नेता येत नाहीत तिथे कपलर (दोन सळया टोकाला टोक जोडणारी नळी) द्या, आणि बीमच्या सळया सरकवायच्या आधी रिंगा ओवून घ्यायला लावा. डिझाइनरने तपासून मान्य केलं. ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली. बदलाच्या रकान्यात कारण लिहिलं होतं, ‘मॉडेल समन्वय’. फिटरचा उल्लेख कुठेही नाही. मला याचा राग मानापमानासाठी येत नाही. पुढच्या प्रकल्पावर हेच मॉडेल घेऊन बसणाऱ्याला हा शहाणपणा कुठून आला ते कळणार नाही, म्हणून तो फिटरला विचारणारही नाही.

यंत्रमानवांबद्दल थोडक्यात. छताला भोकं पाडणारा रोबो मी मनापासून मागून घेईन. हात वर करून दिवसभर ड्रिल धरणाऱ्याचे खांदे आणि त्याच्या फुप्फुसात जाणारी सिलिकाची धूळ ज्याने पाहिली आहे, तो त्याला नाही म्हणणार नाही. पुलाच्या सपाट डेकवर सळया बांधणारा रोबोही चांगला. हजारो गाठी वाकून मारायच्या असतात. लक्षात घ्या मात्र, की रोबो सपाट, मोकळं आणि एकसारखं काम उचलतो. वर सांगितलेला जॉइंट तो उचलत नाही. म्हणजे सोपं काम यंत्राकडे आणि अवघड काम माणसाकडे अशी वाटणी होणार. तेव्हा मागे उरणारा माणूस आजच्यापेक्षा जास्त कुशल लागेल आणि त्याला जास्त मजुरी द्यावी लागेल. तुमच्या सादरीकरणांत नेमकं उलटं लिहिलेलं असतं : ‘कुशल मनुष्यबळाची गरज कमी.’

थ्रीडी प्रिंटिंगच्या घराबद्दल सगळे विचारतात. छपाई होते ती प्रामुख्याने भिंतींची. पाया, छत, दारं, वायरिंग, प्लंबिंग बहुतांशी नेहमीसारखंच. आणि मालाचे थर सोडणारा नोझल काही कारणाने थांबला की खालचा थर सुकतो, वरचा त्याला नीट धरत नाही. तो सांधा कुठे पडला हे यंत्राच्या नोंदीत असतं. ती नोंद भिंत तपासणाऱ्याला मागावी लागू नये, एवढंच.

कारखान्यात तयार करून जागेवर जोडायच्या इमारतींवर मात्र थोडं थांबू. 2015 मध्ये चीनमधल्या चांगशा शहरात 57 मजली इमारत 19 दिवसांच्या कामात उभी राहिली, हा व्हिडिओ तुमच्या प्रत्येक बैठकीत दाखवला जातो. हे 19 दिवस जोडणीचे. त्याआधीचे कारखान्यातले महिने त्या व्हिडिओत दिसत नाहीत. तरीही थक्क करणारं काम आहे. पण त्याच बैठकीत लंडनच्या रोनान पॉइंटचंही चित्र दाखवा अशी माझी विनंती आहे. 22 मजली इमारत, कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या पॅनलांची, त्या काळातलं नवंकोरं तंत्र. राहायला लोक येऊन महिना-दोन महिनेच झाले होते. 16 मे 1968 ला पहाटे अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, भिंतीचं पॅनल बाहेर फेकलं गेलं आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जण गेले. पुढे 1980 च्या दशकात ती इमारत पाडताना एकेक सांधा उघडून पाहिला, तेव्हा कितीतरी सांध्यांत मसाला पुरेसा नव्हता आणि पोकळीत वर्तमानपत्रांचे कागद कोंबलेले होते. पॅनल कारखान्यात अचूक बनलं होतं, पण दोन पॅनलांमधली चार बोटं जागा उंचावर, वाऱ्यात, घाईत असलेल्या माणसाने भरली होती. कारखाना जितका अचूक होईल तितका सगळा धोका त्या चार बोटांत गोळा होतो. तिथल्या माणसाला तुम्ही किती वेळ देता? माझ्या अनुभवात यंत्राने वाचवलेल्या दिवसांपैकी एकही दिवस तपासणीला मिळालेला नाही. तो बक्षीस म्हणून पुढच्या मजल्याकडे जातो.

कॅमेऱ्यांचंही तसंच. तुमचा हुशार कॅमेरा हेल्मेट नसलेला माणूस लगेच हेरतो आणि त्याच्या मजुरीतून दंड कापला जातो. हेल्मेट घालायलाच हवं, वाद नाही. पण सुरक्षेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात हेल्मेट उपायांच्या उतरंडीत सगळ्यात खाली असतं. त्याच्या वर येतं ते स्लॅबच्या कडेचं रेलिंग, डक्टच्या भोकावरचं झाकण, मचाणाचे पाय. उंचावरून पडणारा माणूस हेल्मेटने वाचत नाही, रेलिंगने वाचतो. कडेला रेलिंग नाही, हे ओळखायला तोच कॅमेरा शिकवता येतो. तो तसा लावला तर दंड कुणाला होईल, हे ठरवावं लागेल. कदाचित म्हणूनच तो तसा कुठे लावलेला मला दिसला नाही.

बांधकामाची उत्पादकता वाढत नाही, हे रडगाणं आम्ही नेहमी ऐकतो. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या 2017 च्या अहवालातला आकडा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे : आधीच्या वीस वर्षांत या क्षेत्राची उत्पादकता वर्षाला जेमतेम एक टक्क्याने वाढली, तर एकूण अर्थव्यवस्थेची 2.8 टक्क्यांनी. खरं आहे. पण आमचा किती वेळ कशात जातो ते कधी साइटवर बसून पाहा. जुन्या आवृत्तीच्या ड्रॉइंगवर झालेलं काम तोडण्यात, उत्तर न आलेल्या प्रश्नाची वाट बघण्यात, आणि आमचं मोजमाप खरं आहे हे पटवण्यात. यातल्या शेवटच्या गोष्टीवर तुम्ही अजून कोणतंही ॲप घेतलेलं नाही.

तेव्हा मागण्या. साइटवर मोजलेला आकडा आणि मॉडेलचा आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे वेगळा आला, तर तेवढ्या भागातलं काम थांबेल आणि डिझाइनर लेखी कारण देईपर्यंत थांबलेलंच राहील, असं कलम करारात घाला. ‘एवढा फरक पडतोच’ हे कारण धरलं जाणार नाही, हेही लिहा. थांबवण्याचा अधिकार मुकादम, फिटर, सेंट्रिंगवाला यांनाही असेल, आणि त्या उशिराचा दंड ठेकेदारावर किंवा मजुरावर पडणार नाही. हा दुसरा भाग नसेल तर पहिला कागदावरच राहील. हार्टफर्डच्या पॅनलवाल्याने तोंड का मिटलं, ते वर आलंच आहे. मॉडेल, सेन्सर आणि ड्रोनची माहिती साइटवरच्या माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या फोनवर दिसली पाहिजे आणि त्यात त्याला लिहिता आलं पाहिजे. त्याने लिहिलेलं पुसता येणार नाही अशी सोय तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना नक्की जमेल.

आणखी एक, जरा लांबचं. 2017 मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून 72 माणसं गेली. त्यानंतर डेम जुडिथ हॅकिट यांच्या 2018 च्या अहवालाने सांगितलं, की इमारतीत नेमकं काय वापरलंय याची अखंड डिजिटल नोंद डिझाइनपासून वापरापर्यंत जपली गेली पाहिजे. आपल्याकडे मॉडेल काम संपलं की सर्व्हरवर झोपतं आणि परवाना संपला की उघडतही नाही. सॉफ्टवेअरची आवृत्ती काही वर्षं टिकते, इमारत पन्नास-साठ. किल्ल्या देताना राहणाऱ्यांच्या हाती खुल्या स्वरूपातलं, कुणालाही उघडता येईल असं मॉडेल द्या. त्यात प्रत्यक्ष जे बांधलं ते असू द्या. बांधायचं ठरलं होतं ते नको. सळया झाकण्याआधीची छायाचित्रं त्यात असतील, तर तीस वर्षांनी दुरुस्तीला येणाऱ्याला भिंत फोडून अंदाज बांधावा लागणार नाही.

शेवटी तंत्रज्ञान विकणाऱ्यांना एक आमंत्रण. तुमचं पुढचं सादरीकरण वातानुकूलित सभागृहात ठेवू नका, स्लॅब भरायच्या दिवशी साइटवर या. प्रश्न विचारायला फिटर, सेंट्रिंगवाले, इलेक्ट्रिशियन आणि व्हायब्रेटर धरणारा असे सगळे असतील. सिमेंटने माखलेल्या हातमोज्यांनी स्क्रीन चालते का, पाऊस आला तर काय, तळघरात नेटवर्क नसेल तर नोंद कुठे जाते, चार्जिंग संपलं तर काम अडतं का, आणि यंत्र एक म्हणतंय, आम्ही दुसरं म्हणतोय, तर कुणाचं ऐकायचं, हे ते विचारतील. दिवस दोन दिवस आधी कळवा. पंप आणि गाड्यांची वेळ त्याप्रमाणे लावून घेतो.

कळावे,

आपला,
साइटवरचा एक इंजिनिअर